रबाळ्याच्या गाळ्यात २५ मीटर लेन: पिस्तुलाच्या दाव्यांची मोजणी, जून–जुलै २०२५

१ जून, रविवार
काम काय, ते आधी लिहून ठेवतो. शूटिंग करणाऱ्यांच्या बैठकीत पिस्तुलाच्या लांब नेमाच्या ज्या गोष्टी चालतात, त्यातल्या मोजता येतील तेवढ्या मोजायच्या. चार दावे निवडले. पहिला: मॅच (स्पर्धेचं) एअर पिस्तूल १० मीटरवर सगळे पेलेट (शिशाचे छर्रे) एकाच भोकातून काढतं. दुसरा: २५ मीटरवर दहा रुपयांच्या नाण्यावर दहापैकी दहा, तेही हातात धरून. तिसरा: साधं स्प्रिंगचं पिस्तूलही पक्कं बांधलं तर मॅच पिस्तुलाच्या तोडीचं. चौथा: ५० मीटरवर काडेपेटी, हवी तेव्हा. चौथा आपल्या गाळ्यात बसत नाही, त्याचा फक्त हिशेब होईल.

नियम एकच केला. अंतर, लक्ष्याचा आकार आणि गोळ्यांची संख्या मारण्याआधी वहीत लिहायची. मारलेली प्रत्येक गोळी मोजायची. ‘ही हात हलल्याने गेली, धरू नका’ चालणार नाही.

६ जून, शुक्रवार
रबाळे एमआयडीसीतला गाळा, आतली लांबी ३१ मीटर. मालकाची लेखी परवानगी घेतली आणि स्थानिक पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र दिलं. पेलेट ४.५ मिमी, ऊर्जा साधारण ६ ज्यूल, म्हणजे आर्म्स रूल्स २०१६ मधल्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या पुष्कळ आत. तरी पत्र द्यावंच. पत्र्यावर आपटल्याचा आवाज शेजारी जातो आणि विचारणा होते.

पहिला धक्का अंतरातच बसला. दावे सांगणाऱ्यांनी अंतर पावलांनी मोजलेलं असतं. तिघांना ‘पंचवीस मीटर चाला’ म्हणून सांगितलं आणि थांबले तिथे लेझर मीटर लावला: १७.९, १८.६ आणि २०.३ मीटर. मोठी ढांग टाकणाऱ्याचेही जवळजवळ पाच मीटर कमी. लेझर मीटरचे २,८०० रुपये गेले, पण या कामातला सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच. फायरिंग लाइनला पिवळी पट्टी, तिथून कार्डाच्या पृष्ठभागापर्यंत १०.००, आणि दुसऱ्या जागी २५.००. मोजताना ट्रॅपची, म्हणजे पेलेट अडवणाऱ्या खोक्याची, मागची भिंत धरायची नाही, कार्ड धरायचं. पहिल्यांदा तीच चूक झाली होती, ३८ सेंमीचा फरक.

कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर.

८ जून, रविवार
पेलेट ट्रॅप, पहिला प्रयत्न. १८ मिमी प्लायचा खोका, मागे ६ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट सरळ उभी. नापास. शिशाचे चपटे तुकडे उलटे फिरून साडेतीन-चार मीटरपर्यंत आले, एक तर टेबलाच्या पायाशी सापडला. संरक्षक चष्मे सगळ्यांनी घातले होते म्हणून निभावलं. काम तिथेच थांबवलं.

१३ जून, शुक्रवार
ट्रॅप, दुसरा प्रयत्न. तीच ४५० × ४५० मिमी प्लेट, वजन साडेनऊ किलो, आता वरची कड पुढे झुकवून ४५ अंशात वेल्ड करून घेतली. पेलेट तिच्यावर आपटून खाली ट्रेमध्ये जातो. ट्रेमध्ये दोन इंच कोरडी वाळू. प्लेटच्या पुढे जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा पडद्यासारखा टांगला. बेल्ट भंगारात ४०० रुपयांना मिळाला, दोन कापडी थरांचाच घ्यावा. स्टीलच्या तारांचा मिळाला तर सोडून द्या, तार उघडी पडली की पेलेट पुन्हा उलटे येतात. ट्रॅपच्या मागे ४ × ८ फुटी प्लाय उभी केली, चुकलेल्या गोळीसाठी. त्यावर आजवर सहा खळगे आहेत, म्हणजे ती लागतेच.

शंभर गोळ्या मारून पाहिल्या, एकही तुकडा बाहेर आला नाही. प्लेट, कापणं आणि वेल्डिंग मिळून १,४५० रुपये, प्लाय २,६०० रुपये.

शिशाबद्दल: ट्रॅपसमोरची जमीन झाडायची नाही, झाडूने बारीक धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं वेगळ्या डब्यात. गाळ्यात चहा-नाश्ता बंद, हात साबणाने धुऊन मगच बाहेर.

१५ जून, रविवार
उजेड आणि क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. जुन्या ट्यूबलाइटमध्ये कार्डावर जेमतेम ४२० लक्स निघाले. दहा मीटरच्या स्पर्धेत कार्डावर किमान १५०० लक्स लागतात. त्याहून वाईट म्हणजे क्रोनोग्राफ वेडेवाकडे आकडे देऊ लागला: १४९, १५०, २२३, मग एकदम एरर. अर्धा दिवस बॅटऱ्या बदलण्यात गेला. दोष दिव्याचा होता. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते आणि सेन्सरला ती सावली वाटते. १२ व्होल्ट डीसीची एलईडी पट्टी एसएमपीएसवर (डीसी वीज देणाऱ्या डब्यावर) लावली, खर्च १,३०० रुपये. कार्डावर १,६५० लक्स, आणि क्रोनोग्राफ शांत: सरासरी १४९ मीटर प्रति सेकंद, वीस गोळ्यांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात अडीच मीटरचा फरक.

२० जून, शुक्रवार
बांधणी. पाण्याच्या टाकीखाली घालतात तसे सिमेंटचे चार ठोकळे, वर ग्रॅनाइटची भंगारातली लादी, तिच्यात भोकं पाडून चार इंची मशीन व्हाइस (शिकंजा). व्हाइसच्या जबड्यांना सागवानाच्या पट्ट्या आणि त्यावर चामडं.

कुठे पकडायचं यात एक चूक झाली ती इतरांनी करू नये. आधी हवेच्या सिलेंडरला पकडलं, कारण तो गोल, लांब आणि हाताशी. ग्रुप (एका लक्ष्यावर ओळीने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) पसरले आणि दर वेळी पुन्हा आवळल्यावर नेम दुसरीकडे. सिलेंडर एका टोकाला आट्यांवर टांगलेला असतो, तो धरून नळी स्थिर राहत नाही. नंतर नळीच्या मागचा मुख्य सांगाडा धरला, मुठीच्या लगेच वर. लगेच सुधारलं.

दहा मीटरवर पाच गोळ्यांचे सहा ग्रुप: सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सरासरी २.३ मिमी.

२२ जून, रविवार
तेच पिस्तूल, तोच डबा, तीच पकड. सरासरी ६.८ मिमी, आणि सगळा पसारा उभा, वर-खाली. पेलेटवर संशय घेतला. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचे तिन्ही डबे आलटून पालटून मारले, फरक नाही. सोनाराच्या काट्यावर दोनशे पेलेट तोलून वेगळे केले, फरक नाही. नळी साफ केली, मग साफ नळीचा नेम पुन्हा स्थिर व्हावा म्हणून तीस गोळ्या मारल्या. दिवस गेला.

२७ जून, शुक्रवार
काही न बदलता २.४ मिमी. कारण कळलं नाही. वहीत तसंच लिहून ठेवलं.

२९ जून, रविवार
पुन्हा बिघडलं, ७.१ मिमी. कारण योगायोगाने सापडलं. हात धुवायला आणलेला पाण्याचा स्टीलचा पेला लादीवर ठेवला होता. पाण्यावर बारीक गोल वलयं उठत होती, थांबत होती, पुन्हा उठत होती. शेजारच्या गाळ्यातल्या पॉवर प्रेसचा प्रत्येक ठोका आणि प्रत्येक वलय बरोबर जुळत होतं. प्रेसला साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. दोन रविवार पेलेट तोलण्यात घालवले, आणि दोष जमिनीत होता.

ठोकळ्यांखाली रबराचे तुकडे घालून पाहिले. उलट वाईट झालं, लादी डुलू लागली. रबर काढलं. मोजणी फक्त शुक्रवारी करायची असं ठरलं. गणित बघा: लादी ०.३ मिलिरेडियनने कलली तर १० मीटरवर ३ मिमी आणि २५ मीटरवर साडेसात मिमी. डोळ्यांना हे कलणं दिसत नाही, पेल्यातल्या पाण्याला दिसतं. कोणीही कुठेही बांधणी करा, आधी भरलेला पेला ठेवून पाच मिनिटं बघत बसा.

याच दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली. यंदा पाऊस मेअखेरीलाच सुरू झाला, गाळ्यातली कार्डं दमट झाली. सपाट डोक्याचा पेलेट कोरड्या कार्डात गोल, स्वच्छ भोक पाडतो. दमट कार्डात कडा लोंबतात आणि व्हर्नियरचं टोक कुठे टेकवायचं ते कळत नाही. एकच ग्रुप तिघांनी मोजला, १.१ मिमीचा फरक आला. कार्डं आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, एका वेळी दहाच बाहेर काढतो.

४ जुलै, शुक्रवार
पहिल्या दाव्याचा निकाल. १० मीटर, बांधलेलं पिस्तूल, दहा गोळ्यांचे बारा ग्रुप. सरासरी २.९ मिमी, सगळ्यात लहान २.२, सगळ्यात मोठा ३.८. पेलेटच ४.५ मिमी जाडीचा, त्यामुळे प्रत्येक कार्डावर खरोखर एकच भोक आहे, कडा किंचित खडबडीत. दावा खरा, आणि तो पिस्तुलाबद्दलचा आहे. स्पर्धेच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी. त्यात न बसलेली गोळी पिस्तुलामुळे हुकली असं या दर्जाच्या पिस्तुलाबद्दल कोणी म्हणू नये.

त्याच १२० गोळ्यांमधून तीन-तीन गोळ्यांचे ग्रुपही मारल्याच्या क्रमाने काढले, प्रत्येक गोळीची जागा लिहिलेली होती म्हणून जमलं. तीन गोळ्यांची सरासरी १.८ मिमी, आणि चाळीसमधला उत्तम ०.७. पिस्तूल तेच, गोळ्या त्याच. तीन गोळ्यांचा ग्रुप दहा गोळ्यांच्या ग्रुपच्या दोन तृतीयांशाहूनही लहानच येतो, कारण लांब जाणाऱ्या गोळीला संधीच कमी मिळते. पाकिटात जपून ठेवलेलं कार्ड हे बहुतेक वेळा चाळीसमधलं ते एक असतं. ते कार्ड खोटं नसतं, बाकीची एकोणचाळीस घरी नसतात.

दुपारी २५ मीटर. दहा मीटरवरून सरळ गुणाकार केला तर ७ मिमी यायला हवे होते. आले ३१, आणि तेही आडवे. एक्झॉस्ट पंखा चालू होता. पंखा बंद, शटर खाली: आठ ग्रुपची सरासरी १७ मिमी. सपाट डोक्याचा पेलेट १० मीटरसाठीच घडवलेला आहे. पुढे त्याचा वेग झपाट्याने पडतो, पंखासुद्धा त्याला ढकलतो. आपल्या हिशेबाने २५ मीटरवर त्याचा वेग १०६ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास उरतो.

शेवटच्या दोन ग्रुपमध्ये गोळ्या एकदम २७ मिमी खाली उतरू लागल्या. पिस्तुलाच्या सिलेंडरमधला हवेचा दाब ६५ बारवर आला होता, वेग १३९. आता ९० बारच्या खाली मोजणीची गोळी मारत नाही, पुन्हा २०० पर्यंत भरतो. ते दोन ग्रुप वर धरलेल्या आठांत नाहीत, पण वहीत आहेत.

११ जुलै, शुक्रवार
नाण्याचा दावा, हातात धरून. खरं नाणं लावलं नाही आणि कोणी लावू नये, धातूवरून पेलेट कुठेही जातो. कार्डावर २७ मिमीचं वर्तुळ छापून घेतलं, दहा रुपयांच्या नाण्याएवढं. कडेला शिवलेला पेलेटही धरायचा, म्हणजे प्रत्यक्षात मध्यापासून १५.७५ मिमीपर्यंत सवलत.

आधी नेम लावावा लागला. १० मीटरला बसवलेलं पिस्तूल २५ मीटरवर ९६ मिमी खाली मारतं. बॅकसाइट (नेमाची मागची खाच) तिच्या स्क्रूच्या १९ क्लिक वर घेतली, मग ग्रुप वर्तुळाभोवती आला. ज्याने कधी हे क्लिक मोजलेलेच नाहीत आणि २५ मीटरवर नाणं मारल्याचं सांगतो, त्याचं अंतर आधी विचारावं.

मारणारे दोघं, दहा मीटरला साठ गोळ्यांत ५५० च्या आसपास गुण करणारे, म्हणजे कच्चे नाहीत. प्रत्येकी ४० गोळ्या, एका हाताने, उभं राहून, घाई नाही. एकाच्या ११ लागल्या, दुसऱ्याच्या ९. साधारण चारांत एक. या प्रमाणात दहापैकी दहा बसण्याची शक्यता दहा लाखांत एक. बांधलेल्या पिस्तुलाला मात्र हेच वर्तुळ जमतं. दहा-दहाचे तीन संच मारले, तीसच्या तीस आत.

दोन्हींमधला फरक हाताचा आणि साइटचा आहे. या पिस्तुलावर दोन साइटमधलं अंतर ३२० मिमी. फोरसाइट (नेमाची पुढची पट्टी) खाचेत ०.१ मिमी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, बाजूला गेली तर १० मीटरवर ३ मिमी, २५ वर जवळजवळ ८, ५० वर साडेपंधरा. ट्रिगर दाबताना एवढं तरी हलतंच.

आता यातली गंमत नव्हे, मुद्द्याची गोष्ट. ११ लागलेल्याच्या वहीत बाविसावी, तेविसावी आणि चोविसावी गोळी ओळीने आत आहे. तीनपैकी तीन. त्या क्षणी पिस्तूल पेटीत ठेवून तो घरी गेला असता तर ‘पंचवीस मीटर, नाणं, तीनपैकी तीन’ हे शब्दशः खरं झालं असतं. सांगता-सांगता तीनाचे दहा व्हायला फार दिवस लागत नाहीत.

एक जुनं कार्डही तपासायला आलं, नाण्याएवढ्या वर्तुळात चार भोकं. दहापट भिंगातून पाहिलं. आधी काढलेली पेन्सिलची रेघ भोकाच्या कडेला कापल्यासारखी तुटते. या कार्डावर एका जागी रेघ भोकाच्या फाटलेल्या ओठावर चढली आहे, उघड्या तंतूंवर शिसपेन्सिलची चमक दिसते. म्हणजे वर्तुळ नंतर काढलं गेलं. कार्डवाल्याने ते मोकळेपणाने मान्य केलं, त्याने कधीतरी ग्रुपचा आकार दाखवण्यासाठी नाणं ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. लक्ष्य म्हणून नव्हे. पुढे ते कार्ड हातोहात फिरलं आणि लक्ष्याची गोष्ट तयार झाली.

१३ जुलै, रविवार
प्रेस चालू, म्हणून फक्त हिशेब. ५० मीटरवर काडेपेटी. काडेपेटीची लांब बाजू साधारण ५० मिमी. ५० मीटर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळही बरोबर ५० मिमीचं. ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये २०१६ च्या रिओपर्यंत होती, आपल्या जितू रायने याच प्रकारात २०१४ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. मॉस्को १९८० ला सोव्हिएत संघाच्या अलेक्सांदर मेलेंत्येवने ६०० पैकी ५८१ केले आणि तो आकडा कित्येक दशकं विक्रम म्हणून टिकला. साठ गोळ्यांत १९ गुण गेले. पॉइंट टू-टू (.२२) बोअरचं खास पिस्तूल, हाताच्या मापाची मूठ, आयुष्यभराचा सराव, आणि तरी काही गोळ्या त्या काडेपेटीएवढ्या वर्तुळाबाहेर. ‘हवी तेव्हा’ या शब्दांसमोर हा आकडा ठेवावा.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी नेहमी निघतात, त्या वेगवेगळ्या धराव्यात. वाइल्ड बिल हिकॉक या बंदूकबाजाने २१ जुलै १८६५ ला मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये सुमारे ७५ यार्डांवर, म्हणजे ६९ मीटरवर, समोरच्याला एका गोळीत टिपलं, असं सांगितलं जातं. ती एक गोळी, लक्ष्य माणसाएवढं. एका गोळीचा ग्रुप नसतो, तिच्यावरून सरासरी निघत नाही. पिस्तुलांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथचा ६०० यार्डांवरच्या जखमी हरणाचा दावा त्याहून पुढचा. त्यात आधीच्या गोळ्यांनी उडालेली धूळ बघत नेम सरकवत नेल्याचं वर्णन आहे, म्हणजे पहिल्या गोळीचा दावा तो नव्हेच. साइटमधलं अंतर २०० मिमी धरलं तर ५४९ मीटरवर ०.१ मिमीची चूक २७ सेंमीची होते. सांगणारे धूळ गाळतात आणि पहिल्याच गोळीत हरीण पाडतात.

१८ जुलै, शुक्रवार
तिसरा दावा. स्प्रिंग-पिस्टनचं साधं पिस्तूल व्हाइसमध्ये आवळलं: १० मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप ४१ मिमी. तेच वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, सैल धरून मारलं: २४ मिमी. बांधल्याने बिघडतं. पिस्टन पुढे आपटतो तेव्हा पेलेट अजून नळीतच असतो. हातात पिस्तूल दर वेळी सारखंच मागे-पुढे सरकतं, व्हाइसमध्ये तो धक्का लादीला लागून कसाही परततो. स्क्रू सैल होते तेही तपासले, दोन घट्ट केल्यावर २४ चे २१ झाले. स्प्रिंगचं पिस्तूल कोणी व्हाइसवर मोजून दाखवलं तर तो आकडा धरू नये.

खर्च: लेझर मीटर, ट्रॅप, बेल्ट, प्लाय, दिवे मिळून ८,५५० रुपये, व्हाइस आणि लादी ४,१००, पेलेटचे चार डबे ४,४००. क्रोनोग्राफ उसना. सात आठवडे, त्यातले दोन रविवार प्रेसने आणि अर्धा दिवस ट्यूबलाइटने खाल्ला.

संध्याकाळी ट्रे रिकामी केली. वाळू चाळून ६३० ग्रॅम शिसं निघालं, वहीतल्या गोळ्यांच्या हिशेबाने ६९० यायला हवं होतं. उरलेलं बेल्टच्या कापडात रुतलंय. बेल्टच्या मधोमध मुठीएवढा भाग चाळण झालाय, पुढच्या शुक्रवारी तो तुकडा उलटा टांगायचा.